फुकट, मुक्त आणि विकत



गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या मंडळाच्या कमिटीपुढे एक प्रश्न आला आणि तो पाच मिनिटांत सुटेल असे समजून आम्ही चहा सांगण्याआधीच विषय काढला. चहा निवाला, दुसऱ्यांदा आला, तोही निवाला, तरी प्रश्न सुटला नाही. प्रश्न दिसायला अगदी किरकोळ होता. मंडळाचे जुने कागद, कीर्तनांच्या पुस्तिका, सभांची इतिवृत्ते, लग्नपत्रिका आणि फोटोंमागे लिहिलेल्या ओळी असे सगळे स्कॅन करून पीडीएफ करायचे होते. त्यासाठी संगणकावर कोणता प्रोग्रॅम घ्यावा, फुकटचा की विकतचा, एवढेच ठरवायचे होते. सेक्रेटरी म्हणाले, विकतचा घेऊ, काम चांगले होते. खजिनदार म्हणाले, त्या हप्त्याच्या पैशात वर्षाकाठी दोन मलिदे होतील. एक तरुण मेंबर म्हणाला, "काका, वाद कशाला? विकतचाच आणून देतो, पण पैसे न देता." सगळे हसले. हसलो मीही. त्या हसण्याबद्दलच आज लिहायचे आहे.

प्रथम हे कबूल करतो की मी संगणकातला जाणकार नव्हे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर नातवाकडून शिकलो. पण मंडळाचे कागद माझ्या ताब्यात आहेत, आणि ज्याच्या ताब्यात दुसऱ्याची वस्तू असते त्याला जरा जास्त विचार करावा लागतो.

पीडीएफ म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक आहे. कागद जसा छापला तसाच तो कोणत्याही यंत्रावर दिसावा, अक्षर हलू नये, ओळ सरकू नये, यासाठी केलेली ही फाईल. अमेरिकेतील अडोबी कंपनीने १९९३ साली ती बाजारात आणली. कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये तिची कल्पना मांडली होती. गंमत अशी की, सुरुवातीला ही फाईल नुसती वाचण्याच्या प्रोग्रॅमचेही पन्नास डॉलर पडत. कोणी घेईना. तेव्हा कंपनीने वाचण्याचा प्रोग्रॅम फुकट केला आणि फाईल तयार करण्याचा विकत ठेवला. मग मात्र ती जगभर पसरली. पुढे २००८ मध्ये पीडीएफची रचना आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. म्हणजे आज पीडीएफ कशी बनवावी हे एका कंपनीचे गुपित नाही. कोणीही त्या नियमांप्रमाणे प्रोग्रॅम लिहू शकतो, विकू शकतो किंवा वाटू शकतो.

एवढे सांगण्याचे कारण असे की, काही मंडळी "कंपनी म्हणजे लुटारू आणि फुकटचे म्हणजे पुण्य" असा सरळ हिशेब मांडतात. तो मला पटत नाही. ज्या वस्तूवर आज शेकडो फुकट प्रोग्रॅम उभे आहेत ती वस्तूच एका नफा कमावणाऱ्या कंपनीने घडवली. उलट, टेसेरॅक्ट नावाचा एक प्रोग्रॅम पाहा. छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखून काढण्याचे काम तो करतो. आम्हाला नेमका तोच हवा होता. ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीने १९८५ पासून सुमारे दहा वर्षे पगारी माणसे लावून तो बनवला आणि नंतर बाजूला ठेवून दिला. दहा वर्षे तो तसाच पडून होता. २००५ साली तो सर्वांसाठी खुला केला गेला आणि पुढच्या वर्षापासून गूगलने त्याचा खर्च उचलला. आज त्याला मराठी येते, हिब्रूही येते, आणि त्यासाठी कुणाला एक आगोरा द्यावा लागत नाही. मग हा फुकटचा म्हणावा की विकतचा? पगार तर कुणीतरी दिलाच होता.

इथे आपल्या भाषेचे एक सुख आहे. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द असल्यामुळे त्या लोकांची फार ओढाताण होते. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ मध्ये अशा प्रोग्रॅमांची चळवळ सुरू केली, आणि तेव्हापासून त्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते की मी किमतीविषयी बोलत नाही, मोकळीकीविषयी बोलतो. प्रोग्रॅम हवा तसा वापरावा, आत काय आहे ते पाहावे, बदलावा, शेजाऱ्याला द्यावा, ही ती मोकळीक. मराठीत आपण फुकट म्हणतो तेव्हा फुकट आणि मुक्त म्हणतो तेव्हा मुक्त. इथे आल्यावर शिकलेल्या हिब्रूतही तीच सोय आहे. खिनाम निराळे, खोफ्शी निराळे. दोन भाषांत दोन-दोन शब्द असलेल्या माणसाने तरी गोंधळ करू नये. पण मी केला, आणि तो कसा केला ते पुढे सांगतो.

आधी त्या तरुणाच्या सूचनेविषयी. नाव लिहीत नाही, मुलगा गुणी आहे, मंडळाच्या प्रत्येक कामाला खांदा देतो. त्याने सांगितल्याप्रमाणे कुलूप फोडलेली प्रत आम्ही घेतली. होय, घेतली. सुमारे वर्षभर वापरलीही. त्याचे म्हणणे असे होते: "कंपनीचे काय गेले? आपण तर विकत घेणारच नव्हतो. पुस्तक चोरले तर दुकानातले एक पुस्तक कमी होते. इथे काहीच कमी झाले नाही." हा युक्तिवाद मी बरेच दिवस मनात घोळवला, कारण तो अगदीच पोकळ नाही. वस्तू खरोखरच कमी होत नाही.

पण मग माझ्यापुढे टेबलावर कीर्तनाची जुनी पुस्तिका पडलेली असे. ती ज्यांनी लिहिली त्यांनी रात्री जागून ओव्या जुळवल्या, पदरमोड करून छापल्या, आणि दोन-चार आण्यांना विकल्या असतील. कोणी ती पुस्तिका उसनी आणून शेजाऱ्याच्या छापखान्यात शंभर प्रती काढल्या असत्या तर मूळ लेखकाची प्रत कमी झाली असती का? नसती झाली. तरीही आपण त्याला बरे म्हटले नसते. इस्रायलच्या २००७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम हा साहित्यकृतीसारखाच धरला आहे. कायदा सोडून द्या, पण ती तुलना मला बोचली. लेखकांच्या लिखाणाचे जतन करतो म्हणून मिरवणारे आम्ही, ते जतन दुसऱ्या लिहिणाऱ्यांच्या श्रमाला न विचारता करत होतो.

दुसरी एक गोष्ट त्याहून उशिरा लक्षात आली, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. चोरीच्या प्रतीने आम्ही कंपनीचे काय नुकसान केले असेल ते असो. पण नुकसान झाले ते खुल्या प्रोग्रॅमवाल्यांचे. कारण भारी किमतीची वस्तू हाताशी आहे म्हटल्यावर त्या गरीब बिचाऱ्या मुक्त प्रोग्रॅमकडे आम्ही पाहिलेच नाही. त्यांना एक वापरणारा मिळाला नाही, एक तक्रार मिळाली नाही, एक शेकेलही मिळाला नाही. ज्यांनी आपली वस्तू हात पुढे करून देऊ केली त्यांना टाळून, ज्याने दाराला कुलूप लावले त्याच्या घरात आम्ही शिरलो. याला काय म्हणावे?

शिवाय पाप त्या मुलाच्या माथी गेले. करून दिले त्याने आणि वापरले वडीलधाऱ्यांनी. आम्ही साठी-सत्तरीची माणसे त्याच्या कौशल्याचे कौतुक करत होतो. शेवटी यंत्रात काही तरी उपद्रवी घुसले, दोन दिवस सगळे बंद पडले, आणि तो प्रोग्रॅम काढून टाकावा लागला. म्हणजे पश्चात्तापापूर्वी विषाणू आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या सद्गुणाचा वाटा त्यात थोडाच.

आता माझा स्वतःचा गोंधळ.

आमच्या इमारतीत एक मावशी राहतात. वय सत्त्याऐंशी. मूळच्या अलिबागकडच्या, लग्नानंतर मुंबईत आणि मग इकडे. पतीच्या मागे एकट्या आहेत, मुलगी दूर दक्षिणेत. घरी मदतनीस मिळावी म्हणून त्यांना एका कचेरीकडे अर्ज करायचा होता. अर्जासोबत तेउदात झेहूतची प्रत, डॉक्टरांचे अहवाल, बँकेचा तीन महिन्यांचा उतारा, असे एकूण चौदा कागद होते. सगळे एकाच पीडीएफमध्ये जोडून आणि फाईल लहान करून पाठवायची होती. मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कागद माझ्याकडे आणून दिले आणि म्हणाल्या, "बाबा, तुला येते ना हे? मग मला कसली चिंता?"

तेव्हा तो फोडलेला प्रोग्रॅम गेलेला होता. मी इंटरनेटवर शोधले, पहिल्याच ओळीत एक जागा सापडली. फाईली इथे टाका, जोडून देतो, फुकट. नाव नोंदवायला नको, पैसे द्यायला नकोत. मी चौदाही कागद टाकले. अर्ध्या मिनिटात एक सुंदर फाईल बाहेर आली. अर्ज गेला. मावशींनी त्या शुक्रवारी पुरणपोळी पाठवली.

महिन्याभराने माझा भाचा अश्दोदहून आला होता. तो संगणकाच्या धंद्यात आहे. मी मोठ्या अभिमानाने ही युक्ती त्याला सांगितली. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मामा, ते कागद कुणाच्या संगणकावर गेले?"

मी म्हटले, "माझ्याच."

"नाही. तुमच्या संगणकावरून निघाले आणि दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर जोडले गेले. कुठल्या देशात?"

मला सांगता आले नाही. त्या जागेवर असे लिहिलेले होते की तुमच्या फाईली आम्ही थोड्या तासांनी पुसून टाकतो. बहुधा पुसतही असतील. अशा कित्येक सेवा प्रामाणिक आहेत आणि त्यांचा खर्च पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांतून निघतो, असे भाच्यानेच सांगितले. पण पुसल्या की नाही हे मला पाहता येत नाही. एका म्हाताऱ्या बाईचा ओळख क्रमांक, तिच्या गुडघ्याचा आणि हृदयाचा अहवाल आणि तिच्या खात्यातली शिल्लक मी एका अनोळखी दारात ठेवून आलो होतो, आणि दार कुणाचे ते विचारलेही नव्हते.

आपल्यात गमतीने म्हणतात, फुकट ते पौष्टिक. तोरामध्ये एक प्रसंग आहे. अरण्यात लोक कुरकुर करतात की मिस्रात आम्हाला मासे खिनाम मिळत. त्यावर जुन्या भाष्यकारांनी शंका काढली आहे की, ज्या मिस्रींनी विटांसाठी पेंढासुद्धा फुकट दिला नाही, ते मासे कसे फुकट देतील? त्यांनी काढलेला अर्थ धार्मिक आहे आणि तो इथे लागू नाही. पण ती शंका मला लागू पडली. मी खिनाम पाहिले आणि पेंढ्याचा हिशेब विचारला नाही.

आणि यातली खरी खोच अशी की, किंमत जर काही असलीच तर ती माझी नव्हती. पैसे वाचले माझे आणि जोखीम पडली मावशींवर. फुकट की विकत हा प्रश्न आपण नेहमी खिशाच्या बाजूने विचारतो, मला परवडेल का असे. पण पीडीएफमध्ये बहुधा दुसऱ्याचे काहीतरी असते. कुणाचे आजारपण, कुणाचे घर, कुणाचे हस्ताक्षर. परवडेल का हे त्यांच्या वतीने कोण ठरवणार?

भाच्याने मग मला असे प्रोग्रॅम दाखवले की जे आपल्याच यंत्रावर बसतात आणि फाईल घराबाहेर जाऊ देत नाहीत. जोडायला-तोडायला पीडीएफसॅम. लिहून पीडीएफ करायला लिब्रेऑफिस. अक्षरे ओळखायला टेसेरॅक्ट. फाईल बारीक करायला घोस्टस्क्रिप्ट. या शेवटच्याची कथा मजेशीर आहे. तोच प्रोग्रॅम मोकळ्या परवान्यावर मिळतो आणि तोच धंदेवाल्यांना विकतही दिला जातो. ज्याला आपले केलेले बदल इतरांना खुले करायचे असतील त्याने तसाच घ्यावा, ज्याला झाकून ठेवायचे असतील त्याने पैसे मोजावेत. मला हा न्याय फार आवडला. बाजारात असा तराजू क्वचित दिसतो.

तेव्हा प्रश्न संपला, मुक्त प्रोग्रॅम घ्या आणि स्वस्थ बसा, असे मला दोन आठवडे वाटले. मग अडचणी सुरू झाल्या. हिब्रू फॉर्म भरताना एकदा अक्षरे उलट्या क्रमाने पडली आणि आमच्या एका मेंबरचे आडनाव शेवटाकडून वाचावे लागले. कीर्तनाच्या पुस्तिकेतला जुना ठसा पुसट, त्यामुळे ओळखलेल्या मजकुरात 'ळ' कुठे गायब, कुठे भलताच. 'दुसऱ्या'चा तो अर्धा र तर हमखास घसरायचा. एकेक पान हाताने तपासावे लागे. आणि कुणाला विचारावे? फोन उचलणारा कुणी नाही. विकतच्या प्रोग्रॅममागे निदान एक नंबर असतो, मग तो अर्धा तास संगीत का ऐकवेना. विकतच्या बाजूचे हे म्हणणे खोटे नाही. ज्याला आठवड्यात चाळीस फॉर्म तपासायचे आहेत, वकिली कागदांतून नावे झाकायची आहेत, त्याने पैसे देऊन चांगले हत्यार घ्यावे आणि त्या पैशात कुणाचा तरी पगार निघतो याचे समाधान मानावे. त्यात कमीपणा काय? माझे वडील सुतारकामाची हत्यारे कधी स्वस्तातली घेत नसत.

नावे झाकण्यावरून आठवले. पुष्कळांना वाटते की ओळीवर काळी पट्टी ओढली की नाव गेले. नुसती पट्टी ओढली तर खालची अक्षरे तशीच राहतात, उचलून दुसरीकडे ठेवली की वाचता येतात. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदाचे असेच झाले आणि झाकलेले सगळे वर्तमानपत्रांत आले. हत्यार विकतचे असो की फुकटचे, धरणाऱ्याला ठाऊक हवे. असो.

तर मंडळाने काय करावे? कमिटीत मी तीन गोष्टी मांडल्या, आणि तिन्हींवर वाद झाला.

एक म्हणजे उद्याचा प्रश्न. आम्ही जे स्कॅन करतो ते आमच्यासाठी नाही. आमच्या घरात मराठी वाचणारी शेवटची पिढी बहुधा आम्हीच आहोत. मुले बोलतात, नातवंडे हिब्रूत उत्तर देतात. उद्या एखाद्या पणतीला वाटले की पणजोबा सभेत काय बोलले ते शोधावे, तर तिला ती फाईल उघडली पाहिजे आणि आतला शब्द शोधता आला पाहिजे. नुसते चित्र साठवले तर शोध लागत नाही. आपल्यापैकी ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मराठी मजकूर संगणकावर जुळवला त्यांनी हा अनुभव घेतला आहे. जुन्या फाँटातले मराठी पडद्यावर सुरेख दिसते, पण उचलून दुसरीकडे ठेवले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा निघतो, कारण त्या काळी प्रत्येक फाँटवाल्याने आपली वेगळी कुलूपकिल्ली केली होती. फाँट विकत घेतलेले होते, पावती आहे, तरी मजकूर आज आमच्या हाती नाही. म्हणून मी म्हटले की प्रोग्रॅम कोणताही घ्या, पण फाईल युनिकोडमधल्या मराठीची असावी आणि जतनासाठी ठरवलेल्या पीडीएफ-ए या प्रकारात असावी. २००५ पासून त्याचेही मानक आहे, आणि फाँट फाईलच्या आतच राहावा असा त्याचा नियम आहे. आपल्या समाजाची मराठी हग्गादा १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाली, १८७४ साली पुण्याला निघाली. कागद होता म्हणून आजही उघडता येते. त्या कागदाला दरमहा हप्ता लागत नव्हता. हप्ता थांबला की आपलीच वस्तू उघडण्याची पंचाईत होईल, असे काही आपण जतनाच्या कामात येऊ देता कामा नये. यावर सेक्रेटरी म्हणाले की कंपनीच्या प्रोग्रॅमनेही पीडीएफ-ए होते. खरे आहे. मी मान्य केले.

दुसरी गोष्ट देण्याची. मुक्त प्रोग्रॅम वापरायचे ठरले तर त्यांना मंडळाने वर्षाला काही पाठवावे, असे मी सुचवले. इथे खजिनदार, जे एरवी माझ्या बाजूचे, ते उसळले. "जे फुकट देतात त्यांना पैसे द्यायचे म्हणजे विकतच झाले की!" मी त्यांना एक उदाहरण सांगितले. २०१४ साली ओपनएसएसएल नावाच्या एका खुल्या प्रोग्रॅममध्ये मोठे भोक सापडले. बँकांपासून टपालापर्यंत इंटरनेटवरची असंख्य कुलपे त्याच्यावर चालत होती. तेव्हा जगाला कळले की त्याच्या डागडुजीला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर एवढ्याच देणग्या येत होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. सगळ्यांच्या दाराचे कुलूप, आणि कुलूपवाल्याला जेवायला घालायला कुणी नाही.

खजिनदार म्हणाले, "मग ते त्यांचे चुकले. किंमत का लावली नाही?"

या उत्तरावर मी अजून विचार करतो आहे. ज्याने स्वतःहून किंमत लावली नाही त्याचे आपण देणे लागतो का? कर्ज म्हणून नाही, हे उघड आहे. कोर्टात जाऊन कुणी मागू शकत नाही. पण रोह्याला किंवा पेणला लग्नघरी शेजारपाजारचे लोक आपणहून मांडव घालायला येत, तेव्हा त्यांना मजुरी दिली तर अपमान होई, आणि त्यांच्या घरच्या लग्नाला आपण गेलो नाही तर त्याहून मोठा अपमान होई. ते देणे कुठल्या वहीत होते? त्यातून सुटका पैशाने होत नसे आणि पैशाशिवाय आहे म्हणून सुटकाही होत नसे. विकत घेतलेल्या वस्तूचे एक सुख हे आहे की दाम दिले की हिशेब मिटतो, आपण मोकळे. मुक्त वस्तूने आपण मोकळे होत नाही, बांधले जातो. खजिनदारांना ते बांधले जाणे नको होते असे मला वाटते, आणि पैशापेक्षा तेच त्यांना जड जात होते. मनुष्यस्वभाव आहे, माझाही आहे. टेसेरॅक्टसारख्या ठिकाणी, जिथे श्रीमंत कंपन्यांनी पगार भरले, तिथे हे ऋण मला तितकेसे जाणवत नाही हेही सांगतो. पण एखादा गृहस्थ नोकरी सांभाळून रात्री बसून प्रोग्रॅम दुरुस्त करतो, आणि त्याच्या जोरावर मी मावशींचे कागद घराबाहेर न पाठवता जोडतो, त्याला मी निदान हे तरी कळवावे की तुझे काम इथे लोकांच्या उपयोगी पडते.

भाच्याने यातून वाट काढली. देण्यासाठी पैसेच लागतात असे नाही, म्हणाला. तुम्ही पानोपान चुका दुरुस्त करताच आहात. पानाचे चित्र आणि त्याचा दुरुस्त मजकूर अशा जोड्या नीट ठेवा, मराठी ओळखायला प्रोग्रॅमला शिकवणाऱ्यांच्या त्या कामी येतात. म्हणजे माझ्या 'ळ'च्या कटकटीला काही मोल होते तर. आता आम्ही तिघे निवृत्त गृहस्थ मंगळवारी सकाळी बसतो. माझी पत्नी म्हणते, "तुमचा प्रोग्रॅम फुकट आहे, कारण तुमच्या वेळेची किंमत कुणी धरत नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरी गोष्ट मी मांडली ती अशी की, ज्या कागदावर जिवंत माणसाचे नाव, आजार किंवा पैसा आहे तो कागद कुठल्याही बाहेरच्या जागेवर टाकायचा नाही, मग ती जागा फुकटची असो की विकतची. टाकावाच लागला तर त्या माणसाला आधी विचारायचे. यावर वाद कमी झाला, पण एक मेंबर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांना हे कळणार काय? विचारून त्यांना घाबरवण्यापेक्षा आपणच निर्णय घेतलेला बरा." हे बोलणारे स्वतः एकोणऐंशी वर्षांचे आहेत.

शेवटी ठरले ते असे. मंडळाचे नेहमीचे काम मुक्त प्रोग्रॅमवर. वर्षाला पाचशे शेकेल ज्या प्रोग्रॅमचा आम्ही सर्वांत जास्त उपयोग करतो त्यांना, आणि कोणाला किती ते दर वर्षी कमिटी ठरवील. मोठा हिब्रू फॉर्म किंवा झाकायचे कागद आले तर एका महिन्यापुरता विकतचा प्रोग्रॅम रीतसर पावती करून घ्यायचा. त्या तरुण मेंबरलाच या कामाचा प्रमुख केले. तो म्हणाला, "काका, आता तर मला चोरीही करता येणार नाही!" आणि पुन्हा सगळे हसले.

राहिल्या मावशी. कमिटीत नियम करणे सोपे होते. त्यांच्याकडे जाऊन सांगणे मी तीन आठवडे पुढे ढकलले. त्यांचा अर्ज मंजूर झाला होता, मदतनीस येऊ लागली होती, काही बिघडलेले नव्हते. मग सांगून काय साधणार, असे मन म्हणे. पण दर शुक्रवारी जिन्यात भेट होई, आणि त्या तोंडभर दुवा देत.

एका संध्याकाळी गेलो आणि सांगितले. कागद कुठे गेले ते मला माहीत नाही, बहुधा पुसले गेले असतील, पण खात्री देता येत नाही. तुम्हाला विचारायला हवे होते.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अरे, आमचे कागद काय कमी हातांतून गेले? मुंबईला आलियाच्या वेळी जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, सगळे दुसऱ्यांच्या टेबलावर. पण तेव्हा मी समोर बसलेली असायची. कुणी कागद उचलला की मला दिसायचा."

मी म्हटले, "मावशी, चुकलेच माझे."

"चुकले ते चुकले. आता परत मागता येतात का ते?"

"नाही."

त्या उठल्या, कपाट उघडले आणि आणखी एक पिशवी काढून मांडीवर घेतली. त्यात काकांची पत्रे होती, एकटेच आधी इकडे आले तेव्हाची. तुमच्या मंडळाच्या मशीनवर ही घालणार होते, म्हणाल्या, तुला द्यायचे मनात होते. मी सांगितले की आता सगळे आमच्याच यंत्रावर होते, बाहेर काही जात नाही, आणि हवे तर त्यांनी शेजारी खुर्ची घेऊन बसावे.

"बघते," त्या म्हणाल्या. "आधी मी पुन्हा एकदा वाचून काढते. काही पत्रे तुझ्याही वाचायची नाहीत."

पिशवी अजून त्यांच्याकडेच आहे. मंगळवारी आम्ही बसतो तेव्हा एक खुर्ची जास्त ठेवतो.